तोंडाला काय बांधलं होतं

टेंभुरदरा, ता. केळापूर
रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

चि. प्रियंका हिला नलूआत्याचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तू जपते ना तब्येतीला? फोनमध्ये गाल बसलेले दिसले. तिकडे भात मिळतो, मासे मिळतात म्हणते, मग खात जा ना माय. एवढ्या लांब आफ्रिकेत जाऊन उपाशी राहायचं असेल तर ते इथेही जमलं असतं.

फोन असताना पत्र कायले, असं तू म्हणशीलच. फोनवर तू घाईत असते आणि माझं अर्धं बोलणं ‘ऐकू येते का’ म्हणण्यातच जातं. म्हणून वहीत लिहिते आणि पानांचे फोटो काढून पाठवते. आशा कार्यकर्तीच्या कामात गरोदर बायांच्या कार्डांचे फोटो काढून काढून तुझी आत्या त्यात पटाईत झाली आहे.

कापसाची वेचणी सुरू आहे. पऱ्हाटी यंदा कमरेएवढीच वाढली. बोंडअळीनं मागच्या वर्षी जे केलं त्यानंतर लोकांना शेताकडे पाहायचीच भीती बसली. तुझी आई किसनराव पाटलांच्या वावरात वेचायला जाते. गुडघा दुखतो, पण घरी बसत नाही. मी काही बोलली की म्हणते, बसून काय करू, भिंतीशी बोलू? उकंडादादा गेल्यापासून आम्ही दोघी एकाच चुलीवर जेवतो, हे तुला माहीत आहेच. ती भाजी करते, मी भाकरी. मीठ जास्त झालं की भांडतो. बरं चाललं आहे.

परवा तिला तुझ्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला. इंग्रजी आम्हाला काय कळणार, पण तू मराठीत लिहून पाठवलं होतं ते मी वाचून दाखवलं. ‘माझी आत्या गावात कापसाचे मास्क वाटत होती. पण माझ्या बाबांनी ऐकलं नाही. ते उघड्या तोंडानं फवारत राहिले आणि गेले.’ तुझी आई खूप रडली. पोरीनं बापाचं नाव कुठच्या कुठे नेलं म्हणाली. मी पाणी आणायला उठली आणि जरा उशिराच परत आली.

आता तू मागितलेल्या दोन गोष्टी. तुमची संस्था तिथल्या बायांना आरोग्याचे छोटे धंदे उभे करून देते, हे मी इथे सगळ्यांना अभिमानानं सांगते. तुमची तिथली नीमा तर मला फार आवडली. नर्सची नोकरी सुटली तरी पिशवी घेऊन घरोघरी जाते, बीपी पाहते, साखर तपासते, आणि आता कापसावर फवारणाऱ्या लोकांसाठी काही करायचं म्हणते. फोटोत तिच्या गळ्यात शिवणाचा टेप होता. आपल्यातलीच वाटली.

पण मास्कचा कागदी नमुना माझ्याजवळ नाही. उंदरांनी खाल्ला. उरलेले मास्कही जाळून टाकले. मशीन बंद आहे, डोळेही आता तसे राहिले नाहीत. आणि ‘मी हे काम कसं सुरू केलं’ यावर दोन पानं लिहायला सांगते, तर दोन पानं भरतील एवढं काही मी केलंच नाही.

नीमाला म्हणावं, दुसरं काहीतरी कर. चष्म्याचं पाहा. बाळंतिणीचं काही पाहा. एवढ्या उन्हात मास्क कोण बांधून ठेवतं? आपलं ऐक, मोठ्यांचं ऐकावं कधी कधी.

तुझी आई म्हणते, रात्री दार नीट लावून झोपत जा.

तुझी,
नलूआत्या


टेंभुरदरा
७ डिसेंबर २०१८

चि. प्रियंकाला सप्रेम जय भीम.

काल विहारात सगळे जमले होते. मेणबत्ती लावताना तुझ्या आईनं तुझ्या नावाचीही एक लावली. मी म्हटलं, वहिनी, पोरगी जिवंत आहे, तिच्या नावाची आज काहून? तर म्हणाली, उजेड कोणाच्याही नावानं लावावा. आजकाल तुझी आई असं काही बोलते.

तू फोनवर रागावली ते बरोबरच होतं. आत्या टाळते, आत्याला माझ्या कामाचं कौतुक नाही, असं तू म्हणाली. कौतुक फार आहे गं. पण मग तू दुसरंच सांगितलं. नमुना नसला तरी अडलं नाही म्हणाली. जूनमध्ये तू निघाली तेव्हा मी मीटिंगला गेली होती आणि तुझ्या आईनं आठवण म्हणून माझ्या पेटीतून एक मास्क काढून तुला दिला होता. तो ठेवून नीमानं कागद कापला, बाया बसल्या, दीडशे मास्क शिवूनही झाले. जानेवारीत तिकडची फवारणी सुरू होईल त्याआधी हजार करायचे आहेत. तू इतकी खुशीत होती. आणि मधेच हसून विचारलं, आत्या, याची एक नाडी पांढरी अन् एक निळी काहून? मी म्हटलं, पांढरी संपली असेल. मग नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं.

तुला दोन पानं पाहिजे होती ना, तर घे.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, तू नागपूरला होस्टेलात होती, तू पाहिली नाही. नेहमी फवारा कमरेखाली पडतो. त्या वर्षी माणसं नळी वर धरून फवारत होती आणि सगळं औषध परत त्यांच्याच तोंडावर येत होतं. ऑगस्टपासून माझ्याकडे लोक येऊ लागले. डोळे जळतात, मळमळते, समोरचं दोन दोन दिसते. मी त्यांना दवाखान्यात पाठवायची, पण दुसऱ्या दिवशी तेच माणूस पुन्हा पंप पाठीवर घेऊन निघायचं. मला राग यायचा. मग बचत गटाच्या बायांना घेऊन बसली आणि म्हटलं, आपण मास्क शिवू.

कशाचा शिवायचा याचा विचारसुद्धा कोणी केला नाही. आपल्या इथे दुसरं आहे काय? जखम झाली की कापूस, कान दुखला की कापूस, बाळ जन्मलं की कापसात गुंडाळायचं. कापसानं कोणाचं वाईट होईल हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. जिनिंगमधून रुई आणली, दोन कापडांच्या मधे तिची बोटभर जाड घडी बसवली आणि टीप मारली. मऊ झाला. मला वाटलं, जितकी रुई जाड तितकं औषध बाहेर राहील.

तालुक्याला एका कार्यक्रमात मला शाल दिली, फोटो काढला. ‘आपल्या कापसाचा मास्क’ म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे शिकलेली इतकी माणसं होती, पण एकानंही विचारलं नाही की नलूबाई, हा ओला झाल्यावर काय होते.

पोरी, ओला झाल्यावर तो औषध पिऊन बसतो. मग माणूस चार तास ते औषध नाकातोंडावर बांधून फिरतो. हे मला नंतर एका शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणून मी घरोघरी जाऊन, माप चुकलं आहे, बदलून देते असं सांगून सगळे मास्क परत घेतले आणि उकिरड्यामागे जाळले. कोणाला बदलून दिले नाहीत. डोळ्यांचं निमित्त केलं आणि मशीन झाकून ठेवली.

तेव्हा नीमाला थांबव. मी कारण सांगितलं आहे, तेवढं पुरे. जास्त विचारू नको.

तुझी,
नलूआत्या


टेंभुरदरा
२१ डिसेंबर २०१८

प्रियंका, जय भीम.

आज ख्यालीखुशाली लिहीत नाही.

तुझं उत्तर आलं. नीमा म्हणते, काहीच नसण्यापेक्षा कापसाचा बरा. तुमच्या संस्थेचंही तेच मत पडलं, वरून प्लॅस्टिकचा एक पदर लावू म्हणतात, पण काम थांबवायचं नाही. आणि शेवटी तू लिहिलं, ‘आत्या, काहीच न बांधण्याचं काय होतं ते आपल्या घरानं पाहिलं आहे. बाबांनी तुझा मास्क बांधला असता तर आज ते असते.’ हे वाक्य वाचून मी वही घेऊन बसली. तीन दिवस बसली. आज लिहिते.

तुझ्या बापानं मास्क बांधला होता.

आता सगळं क्रमानं सांगते, कारण तुला एकदाच कळावं. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. दादा सकाळी किसनरावांच्या वावरात मजुरीनं फवारायला गेला तेव्हा त्याच्या खांद्यावर नेहमीचा दुपट्टाच होता. माझा मास्क त्याला आवडत नव्हता. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मी इतरांना वाटत फिरते आणि माझाच भाऊ बांधत नाही, याची मला लाज वाटायची. अकराच्या सुमारास मी मुद्दाम वावरात गेली. तो पऱ्हाटीत दिसतही नव्हता, नुसता पंपाचा आवाज येत होता. हाक मारून धुऱ्यावर, बांधाशी बोलावलं आणि सरळ माझ्या हातानं त्याच्या तोंडाला मास्क बांधला. तो हसला. लहानपणी तो माझी टोपी बांधायचा आणि मी उभी राहायची, तसाच मान खाली घालून उभा राहिला.

तिथेच झाडाखाली बसून मी माझं रजिस्टर भरत होती. दोन पंप मारून तो परत आला. मास्क पुढून पिवळा पडला होता. त्यानं तो खाली ओढला आणि म्हणाला, “नलू, हे वल्लं झालं. तोंडात कडू लागून राह्यलं.”

मी म्हटलं, “वल्लं झालं म्हणजे औषध त्यानं अडवलं. काढू नको, दादा. माह्यी शपथ आहे तुले.”

आणि पुन्हा बांधला. तो सैल करेल म्हणून मागे दोन गाठी मारल्या.

आता शाळेतल्या भाषेत नाही लिहीत मी. दवाखान्यात डॉक्टरांपुढं मी जे खोटं बोलली, ते त्याच भाषेत.

तीन वाजता किसनरावांचा फोन आला का उकंडा धुऱ्यावर पडला. मी पळत गेली. त्याले उलट्या झाल्या होत्या, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ चालली होती. मास्क गळ्यात उतरला होता, पण गाठी तशाच. त्यानं काढायचा प्रयत्न केला असन, नखाचे ओरखडे होते मानेवर. गाठ मलेच सुटली नाही. ऑटोत माझ्या पिशवीतली कात्री काढून एक नाडी कापली अन् मास्क पिशवीत टाकला. किसनरावांनी पाहिलं. त्यांनी पुढं कधी विचारलं नाही अन् मी कधी बोलली नाही.

पांढरकवड्याहून यवतमाळला नेलं. तिथे डॉक्टर तरुण होते, घाईत होते, त्या दिवसांत वॉर्डात फवारणीचेच लोक होते. त्यांनी विचारलं, “तोंडाला काय बांधलं होतं?”

मी म्हटलं, “काहीच नाही, सर. मी आशा आहे. कितीदा सांगितलं, पण ऐकतच नाहीत ते.”

पिशवी माह्या खांद्यालेच होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं अन् माह्याकडे पाहून मान हलवली, बिचारी बाई, असं. दादा खाटेवर होता. त्याले ऐकू आलं का नाही, हे मले माहीत नाही. त्याचे डोळे उघडे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मास्कानं गेला का औषधानंच गेला असता, हे कोणी सांगू शकत नाही. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईले मी दुसऱ्याचं नाव सांगून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नुसत्या मास्कावर सारं नसते, औषध अंगावाटेही आत जाते. पण ओला मास्क बांधून ठेवणं वाईटच. त्यांच्या एका बोलण्यानं मी सुटत होती अन् दुसऱ्यानं अडकत होती. पुरती सुटली नाहीच मी.

मग गाव म्हणाला, उकंडानं बहिणीचं ऐकलं असतं तर वाचला असता. अन् माह्याकडे मास्कासाठी रांग लागली. प्रियंका, मी शिवले. तेराव्या दिवसापर्यंतही थांबली नाही मी. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. पंधरा दिवस मशीन चालवली, मग ते शिबिर झालं, शेजारच्या देवरावची पोरं मास्क लावून खेळताना पाहिली अन् माह्याच्यानं पुढं टीप मारवली नाही. तेव्हा ते परत घेतले. त्या पंधरा दिवसांत कोणाले काही झालं नाही, हे माह्यं नशीब, अक्कल नाही.

एक मास्क जाळला नाही. दादाचा. सोडा टाकून चारदा धुतला अन् पेटीत साड्यांखाली ठेवला. कापलेल्या नाडीच्या जागी तुह्या आईच्या जुन्या साडीच्या काठाची निळी नाडी शिवली. कायले शिवली, मलेच कळत नाही. तुटलेलं दिसलं का शिवायची सवय हाताले. तुह्या आईनं त्या दिवशी पेटीत हात घातला तर वरचे कपडे सारून नेमका तोच तिच्या हाती आला. तिनं चांगल्या मनानं दिला. तू त्याच्यावरून नीमाले कागद कापू दिला.

म्हणून सांगतो, एकही वाटू नको. प्लॅस्टिकचा पदर लावून जमते का, हे तुम्ही नाही अन् मीही नाही ठरवायचं. ज्याले त्यातलं कळते त्याले विचारा. औषध कोणतं, हवा कशी, पीक किती उंच, किती वेळात मास्क बदलायचा, सारं विचारा. नीमाले आधार द्यायचा तर शाल देऊ नका. तिच्याजवळ बसा अन् तिले विचारत राहा. ती रागावली तरी विचारा. मले कोणी विचारलं असतं तर मीही रागावली असती, पण थांबली असती. हे पत्र तिले वाचून दाखव. माह्यं नाव सांग, गाव सांग, लपवू नको. तिचा भाऊ फवारत असन तर त्याचंही नाव विचार.

अन् भाषणात पुन्हा कधी म्हणू नको का बाबांनी ऐकलं नाही. त्यानं माह्यं कधीच ऐकलं नव्हतं, त्या एका दिवशी ऐकलं. मी त्याले मेल्यावर बेफिकीर ठरवलं अन् तू ते साऱ्या जगापुढं बोलली, माह्यामुळे बोलली.

आज सकाळी वेचणीले जायच्या आधी तुह्या आईले सांगितलं. दारातच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. तिनं सारं ऐकून घेतलं. मग विचारलं, “शेवटी काय म्हणाले ते?” मी म्हटलं, कडू लागते म्हणाले. ती आत गेली, तिचा तवा, तिची परात अन् पाण्याची कळशी उचलली अन् पलीकडच्या खोलीत नेली. आता संध्याकाळ होत आहे. तिकडे तिनं तीन विटा मांडून चूल पेटवली, धूर इकडे येऊन राह्यला. मी आज भाकरी टाकली नाही.

तू मले फोन कर किंवा करू नको. नीमाले मात्र आजच सांग, हे वाचून झाल्या झाल्या.

तो निळ्या नाडीचा मास्क तिच्याकडून परत घे. तो नमुना नाही माय, तुह्या बापाचा आहे. एका बाजूची नाडी अजून पांढरी आहे, ती त्याची. तिच्या टोकाशी गाठ असन, मी मारलेली. चार धुण्यांत सुटली नाही. तुह्याच्यानं सुटली तर सोडव.

आत्या लिहावं का नाही, ते तुह्यावर सोडलं.

नलू
उकंडाची बहीण